राखेचा स्लॅब

बळवंत तायड्यांनी आयुष्यात एका गोष्टीच्या बाबतीत कधी हात आखडता घेतला नाही, ती म्हणजे सिमेंटला पाजायचं पाणी. घरचा नळ कोरडा पडलेला असो, कॉलनीत टँकरवरून भांडणं जुंपलेली असोत, तायडे मिस्त्रींचा स्लॅब मात्र भिजलेलाच असायचा. जयपूरकडे या कामाला तराई म्हणतात. नव्या काँक्रीटवर मातीच्या बारीक पाळी घालायच्या, वाफे करायचे आणि त्यांत निदान सात दिवस पाणी साठवून ठेवायचं. रेल्वेत बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. फुलेऱ्यापासून बांदीकुईपर्यंत आपल्या हातचे जेवढे फलाट आणि रुळांखालच्या मोऱ्या आहेत, त्यांतल्या एकालाही तडा गेलेला नाही, असं ते स्वतःच सांगत. यात थोडी बढाई होती, पण थोडीच.

त्यांची आणखी एक रीत होती. स्लॅबखालचे टेकू काढायच्या दिवशी ते स्वतः स्लॅबखाली जाऊन उभे राहत. ज्यानं टाकला त्यानं खाली उभं राहायचं, हे त्यांना एका म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवलं होतं. साहेब लोक लांब झाडाखाली उभे असत आणि तायडे मिस्त्री हाताची घडी घालून स्लॅबखाली. लहानपणी त्यांची एकुलती एक मुलगी गौतमी आईचा पदर धरून हे बघायची. शेवटचा टेकू निघाला की बाबा बाहेर येत आणि तिला खांद्यावर घेत. आपला बाप म्हणजे जगातला सगळ्यात शूर माणूस, असं तिला वाटायचं, आणि त्या वयात तिचं फारसं चुकतही नव्हतं.

शूर माणसाला एका गोष्टीची मात्र लाज होती. बळवंतांचे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये राखेच्या खड्ड्यावर खलाशी होते. कोळशाचं इंजिन आलं की त्याच्या पोटातली धगधगती राख खड्ड्यात पडायची. ती फावड्याने ओढायची, विझवायची आणि टोपल्यांनी बाहेर टाकायची. हे काम कोणत्या वस्तीतल्या माणसांच्या वाट्याला यायचं, ते वेगळं सांगायला नको. शाळेत पोरं बळवंतला ‘राखवाल्याचा’ म्हणूनच हाक मारत. बाप घरी आला की त्याच्या पापण्यांवरसुद्धा राख असे. पुढे बळवंत रेल्वेच्या बांधकाम खात्यात लागले, बदली होत होत जयपूरला आले, हातात थापी आली, सिमेंटच्या गोण्या त्यांच्या ताब्यात आल्या, तेव्हा त्यांना वाटलं, सुटलो. एका पिढीत राखेतून बाहेर पडलो. सिमेंट म्हणजे त्यांच्या लेखी नुसता माल नव्हता, ती त्यांची इज्जत होती.

आणि आता त्यांची मुलगी, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारी, नावाआधी डॉक्टर लावणारी, पुन्हा राखेत हात घालून बसली होती.

गौतमीचं संशोधनच ते होतं. वीजघराच्या चिमणीत अडवलेली राख, पोलादाच्या भट्टीची दळलेली मळी, संगमरवर कापताना वाहून जाणारा पांढरा गाळ, अशा कुणालाच नको असलेल्या वस्तू ती गोणीने गोळा करायची. त्यांत कॉस्टिक सोडा आणि वॉटर ग्लास नावाचं पाकासारखं दाट रसायन मिळून केलेलं कडक पाणी ओतलं, की ती राख धरायची आणि दगडासारखी व्हायची. सिमेंटची चिमूटही न घालता.

“सिमेंटाबिगर स्लॅब?” बळवंतांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते हसले होते. “मंग तो स्लॅब नाई वं बाई, तो तं थापून ठेवलेला उकिरडा हाय.”

“बाबा, सिमेंट भाजायला किती कोळसा जळतो, किती धूर होतो! आणि ही राख, मतलब, डोंगर पडलेत तिचे बाहेर.”

“मले राख नको शिकवू,” बळवंत म्हणाले होते. “मी राखेतच जल्मलो.”

त्यावर दोघांचं बोलणं दोन दिवस बंद होतं. गौतमीची आई, कलावतीबाई, तेव्हा होत्या. त्यांनीच दोघांना एका ताटाशी बसवून ते मिटवलं होतं.

कलावतीबाईंना जाऊन आता वर्ष होत आलं होतं. शास्त्री नगरात एका गल्लीच्या टोकाला रेल्वेतल्या मराठी लोकांनी वर्गणी काढून बांधलेला लहानसा विहार होता आणि त्याच्या फाटकासमोर पाच फुटी नाला. नाल्यावर दगडाच्या दोन फरश्या टाकलेल्या. त्यांतली एक कधीची डुगडुगत होती. मागच्या वर्षी मार्चमध्ये पौर्णिमेच्या वंदनेला जाताना त्या फरशीवरून कलावतीबाईंचा पाय निसटला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्या काही उठल्या नाहीत. अंथरुणाला खिळल्या, मग छाती भरली, आणि मे संपता संपता गेल्या. सगळ्या लाइनीवर मोऱ्या बांधत फिरलेल्या मिस्त्रीला आपल्या विहाराच्या दारातली एक फरशी नीट बसवायला सवड झाली नव्हती. हे बळवंतांना कुणी बोलून दाखवलं नाही. त्याची गरजही नव्हती.

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला नाल्यावर पक्का स्लॅब टाकायचा, असं गौतमीनेच ठरवलं. तो राखेचा टाकायचा, हेही तिनेच.

“कलावतीच्या नावाचा स्लॅब, अन् राखेचा?” बळवंत म्हणाले.

“आईने जन्मभर राखेने भांडी घासली, बाबा. तिला कुठे राखेची लाज होती?”

सळया मात्र मीच बांधणार, एवढं म्हणून बळवंत उठले.

स्मृतिदिनाच्या आठ दिवस आधी, सकाळी ऊन चढायच्या आत स्लॅब टाकला. विहार समितीचा सेक्रेटरी प्रबुद्ध मदतीला होता. हा रेल्वेच्या तिकीट ऑफिसातला पस्तिशीचा क्लार्क जयपुरातच जन्मलेला होता, आणि मराठी बोलताना दर दोन वाक्यांना अडखळायचा. गौतमीने हातमोजे घातले, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि सगळ्यांना बजावलं, की हे पाणी अंगावर उडालं तर कातडी भाजेल. माल कालवला, ओतला, सळईने टोचून बसवला. वरचा हात मात्र बळवंतांचाच. त्यांनी थापी फिरवली तेव्हा त्यांना मान्य करावं लागलं, की माल चांगला चिकट आहे, लोण्यासारखा पसरतोय. त्याच मालाचे सहा ठोकळे गौतमीने कॉलेजात ताकद तपासण्यासाठी वेगळे भरून घेतले. मग तिने स्लॅबवर जाड प्लास्टिक अंथरलं आणि कडेने विटा ठेवल्या.

“सात दिवस कुणी हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “गोणपाट नको, तराई नको. आतलं पाणी आतच राहायला हवं आणि बाहेरचं आत जाता कामा नये. पाणी मारलं की त्याचं औषध धुऊन निघतं. कळलं ना, बाबा? एक थेंबही नाही.”

बळवंतांनी मान हलवली. पण ते शेवटचे तीन शब्द त्यांच्या कानात तसेच बसून राहिले, कारण ते त्यांनी याआधी एकदा ऐकले होते. गौतमीला ते आठवत नव्हतं. आठवायचं तिला कारणही नव्हतं.

मागच्या मे महिन्यातली ती दुपार होती. कलावतीबाईंना गिळता येणं बंद झालं होतं आणि नाकातल्या नळीने सगळं चाललं होतं. बळवंत खाटेजवळ एकटे बसलेले. त्या डोळे उघडून म्हणाल्या, “पानी.” नर्स म्हणाली, नाही. बळवंतांनी गौतमीला फोन लावला. तिची परीक्षेची ड्युटी होती, ती वर्गाबाहेर येऊन हळू आवाजात बोलत होती. “बाबा, डॉक्टर सांगतायत ना, पाणी फुप्फुसात जाईल. एक थेंबही नाही. प्लीज.” शिकलेली मुलगी. तिचं ऐकायचं नाही तर कुणाचं ऐकायचं? त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे कलावतीबाई गेल्या. जलदान विधीला भांड्यातून ताटात पाण्याची धार धरताना बळवंतांचे हात इतके कापायला लागले, की प्रबुद्धला खालून आधार द्यावा लागला. लोकांना वाटलं, दुःख. दुःख होतंच, पण त्याच्या आत आणखी काही होतं, आणि ते त्यांनी कुणापाशीही काढलं नव्हतं.

स्लॅब टाकला त्याच संध्याकाळी बळवंत तिथे गेले. सहा वाजले होते तरी रस्ता तव्यासारखा तापलेला होता. त्यांनी दोन विटा बाजूला करून प्लास्टिकचं एक टोक उचललं. आतून गरम वाफ आली. स्लॅबवर हात ठेवला तर तो तापात पडलेल्या माणसासारखा लागला. हे सिमेंट नाही, याचा धर्म वेगळा आहे, हे त्यांना ऐकून माहीत होतं. पण बत्तीस वर्षांच्या हाताला कोण समजावणार? विहाराच्या नळावरून त्यांनी बादली भरली आणि हलक्या हाताने, ओंजळी ओंजळीने, स्लॅबवर पाणी शिंपडलं. पाणी लगेच आत गेलं. ते बघून त्यांना इतकं बरं वाटलं, की ते तिथेच उकिडवे बसून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बादली, संध्याकाळी दोन. तिसऱ्या दिवशी त्यांनी मातीच्या पाळी घालून वाफे केले आणि ते काठोकाठ भरले. दर वेळी प्लास्टिक पुन्हा जसंच्या तसं घालायचे आणि विटाही त्याच जागी ठेवायचे. म्हणजे आपण काय करतोय ते त्यांना पुरतं कळत होतं. खोटं कशाला बोला, मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं, की स्लॅब कसा पोसायचा ते या पोरीपेक्षा मला जास्त कळतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी प्लास्टिक उचललं. वाफ्यांमधलं पाणी गढूळ झालं होतं. स्लॅबवर पांढरे पापुद्रे धरले होते, खारवट जमिनीवर धरतात तसे. त्यांनी पाण्यात बोटं घातली तर ती साबणात घातल्यासारखी निसटायला लागली, आणि थोड्या वेळाने चुरचुरायला. मिस्त्री माणसाला याहून जास्त काय सांगायला हवं? मुलगी म्हणाली होती तेच झालं होतं. त्यांचं पाणी स्लॅबचं औषध बाहेर काढत होतं.

तेव्हाच फोन करायला हवा होता. बळवंतांनी केला नाही. त्यांनी पाळी मोडल्या, पाणी नाल्यात लोटलं, गोणपाटाने पांढरं सगळं घासून पुसून काढलं, स्लॅब उन्हात वाळू दिला आणि वर प्लास्टिक घालून घरी आले. सवयीने पाणी मारणं ही चूक होती. खुणा पुसणं ही लबाडी होती. दोन्हींतला फरक त्यांना गोणपाट हातात असतानाही कळत होता.

सातव्या दिवशी दुपारी गौतमी धावतच घरी आली.

“बाबा, ठोकळे दाबून फोडले! ताकद बेचाळीस आली! मी तीस धरली होती. तुमच्या त्या फलाटांनाही कधी एवढी आली नसेल.”

बळवंतांनी सांगण्यासाठी तोंड उघडलं आणि त्यातून शब्द निघाला, “शाब्बास.”

ठोकळ्यांवरून स्लॅब ओळखायचा, हा तर त्यांचाच जन्मभराचा धंदा. ठोकळे पास तर स्लॅब पास, कागदावर सही, गाडी पुढे. पण हे ठोकळे कॉलेजच्या कपाटात कोरडे वाढले होते आणि स्लॅब वाढला होता त्यांच्या हाताखाली. दोन्ही एका घमेल्यातले असूनही आता सख्खे राहिले नव्हते, आणि हे साऱ्या जयपुरात एकट्या बळवंतांना माहीत होतं.

“बोटांना काय झालं?” गौतमीने विचारलं. टोकांची कातडी सोलून लाल झाली होती.

“तंबाखूचा चुना लागला.”

“एवढा?” ती म्हणाली, पण तिला त्या दिवशी कशातच खोट दिसत नव्हती. तिने आईच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि बराच वेळ तिथे उभी राहिली.

बळवंतांनी मनाशी एक तोड काढली. उद्या टेकू निघतील तेव्हा रीतीप्रमाणे आपणच खाली उभं राहायचं. पडला तर आपल्या अंगावर पडेल, हिशेब तिथेच मिटेल. नाही पडला तर चार दिवसांनी गौतमीला एकटीला गाठून सांगू. ही तोड सापडल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं. भित्र्या माणसाला शूर दिसण्याची वाट सापडली की वाटतं तसं.

स्मृतिदिनाच्या सकाळी आठला लोक जमायला लागले. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, दोनेक फौजी कुटुंबंही छावणीतून आली होती. वंदना दहाला होती आणि त्याआधी टेकू काढून सगळ्यांनी नव्या स्लॅबवरून आत जायचं, असं ठरलं होतं. सुतार पाचरी ठोकून काढायला हातोडा घेऊन तयार होता. नाला उन्हाळ्याने आटलेला, तळाशी काळी ओल तेवढी. बळवंतांनी चपला काढल्या.

पण त्यांच्या आधी गौतमीने चपला काढल्या होत्या. पांढऱ्या साडीचा पदर तिने कमरेला खोचला आणि प्रबुद्धचा हात धरून ती नाल्यात उतरली.

“दीदी, आप क्यों?” प्रबुद्ध गोंधळून म्हणाला. “काकाजी उतरतात ना!”

“आज नाही,” ती खालून म्हणाली आणि वाकून स्लॅबखाली गेली. जागा चार फुटांची, तिला उकिडवं बसावं लागलं. तिचा आवाज आतून घुमून आला. “ज्यानं टाकला त्यानं खाली राहायचं. बाबांचाच नियम आहे. हा स्लॅब मी टाकलाय.”

जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी कौतुकाने हसलं. सुताराने कडेच्या पाचरीवर हातोडा मारला. पहिला टेकू निघाला. एक टन वजन होतं त्या स्लॅबचं, हे त्यांनी स्वतः हिशेब करून सांगितलं होतं.

सुताराने दुसऱ्या पाचरीवर हातोडा उगारला.

“थांब!” बळवंत ओरडले. “हात नको लावू! गौतमी, भायेर ये. आधी भायेर ये तू!”

“काय झालं, बाबा?”

“मी पानी मारलं.”

गौतमी स्लॅबखालून बाहेर आली. नाल्यात उभी राहिल्यावर तिचा चेहरा बळवंतांच्या गुडघ्यांपाशी येत होता.

“किती?”

“पह्यल्याच सांजेपासून. चौथ्या दिसापर्यंत. वाफे करून.” त्यांनी सोललेली बोटं पुढे केली. “पांढरं आलं व्हतं वर. म्या पुसलं.”

“काकाजी, मतलब, दीदीने तो साफ मना केलं होतं...” प्रबुद्ध म्हणाला.

बळवंतांनी तिला वर घ्यायला हात दिला. तिने तो धरला नाही. ती प्रबुद्धच्या हाताने वर आली, सुताराच्या पिशवीतून एक खिळा घेतला आणि स्लॅबवर वाकून दाबून ओढला. खिळा नखभर आत गेला आणि पांढरा भुसा वर आला. दुसऱ्या जागी ओढला, तिथेही तेच. तिने सुताराला पहिला टेकू परत लावायला सांगितलं. मग ती बळवंतांकडे वळली, आणि सगळ्यांसमोर, अगदी हळू आवाजात, तिने विचारलं:

“तुम्हाला तो पडायलाच हवा होता का, बाबा?”

त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

“नाई,” बळवंत म्हणाले. “नाई वं. माह्या मनात गुर्मी व्हती, ते खरं. पन पडावा, असं कधी नाई आलं.”

“मग का? मी इतकं बजावून सांगितलं होतं. एक थेंबही नाही म्हटलं होतं!”

“मागल्या सालीबी म्हनली व्हतीस.”

तिला कळलं नाही.

“फोनवर,” बळवंत म्हणाले. “दवाखान्यातून लावला व्हता म्या. तुह्या मायनं पानी मांगतलं. तू म्हनली, एक थेंबही नाई. म्या नाई देल्लं. तिनं आनखी दोनदा मांगतलं. मंग म्या गिलास खाटेखाली सरकवला, तिले दिसू नये म्हनून.” त्यांनी स्लॅबकडे बोट केलं. “अन् इथं तिच्या नावाचा स्लॅब तू झाकून ठेवला उन्हात, अन् मले तेच म्हनली. माह्यानं नाई पाहवलं. एवढंच झालं. दुसरं काई नाई.”

गौतमी होती तिथेच नाल्याच्या कडेला खाली बसली. मग म्हणाली, “मला कधी सांगितलं का नाही?”

“तुह्यं बरोबर व्हतं. बरोबर असनाऱ्या मानसाले काय सांगू?”

वंदना झाली. नाल्यावर दोन फळ्या टाकून लोक एकेक करून आत गेले, सगळ्यांत वयस्कर बायकांना हात धरून नेलं. गौतमीने आईच्या फोटोला फुलं वाहिली आणि खीर वाढली. बापाच्या पानातही वाढली, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. पुढे तीन दिवस ती गरजेपुरतंच बोलत होती. बळवंतांनीही तिला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. आता तेवढंही मागायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटत होतं.

रविवारी विहारात समिती बसली. प्रबुद्धने मांडलं, की झालं ते झालं, आता नेहमीच्या सिमेंटचा स्लॅब टाकून घेऊ, म्हणजे भानगड नको. तीन-चार माना हलल्या. मागे भिंतीला टेकून बसलेले बळवंत उठून उभे राहिले.

“राखेचाच टाकायचा,” ते म्हणाले. “ठोकळे बेचाळीसचे आले, ते सगळ्यायनं आयकलं. राखेची काई चूक नाई. चूक माही हाय. माह्या चुकीपायी राखेले बट्टा लावू नका.”

जन्मभर राखेचं नाव निघालं की विषय बदलणारा हा माणूस आज तिची बाजू घेऊन उभा होता. गौतमीने तेव्हा चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं.

जुना स्लॅब बळवंतांनीच फोडला. दुसऱ्या कुणाला हातोडा धरू दिला नाही. वरचा दोन बोटं जाडीचा थर भुगा होऊन निघाला. त्याखाली मात्र घण उलटून यायला लागला, इतका माल कठीण होता. त्यांनी थांबून गौतमीला दाखवलं.

“कदाचित पडला नसता,” ती म्हणाली. “पण कदाचितवर मी कुणाला चालायला सांगणार नाही.”

“हेच म्हनतो मी बी,” बळवंत म्हणाले, आणि पुन्हा घण उचलला.

नवा स्लॅब टाकायच्या दिवशी त्यांनी हातमोजे घातले आणि राखेच्या गोण्या स्वतः फोडल्या. राख इतकी बारीक, की नाक-तोंड बांधलेलं असूनही डोळ्यांभोवती बसली. काम उरकून विहाराच्या नळावर हात धुताना भिंतीवरच्या लहान आरशात त्यांना आपला चेहरा दिसला. पापण्या पांढऱ्या. भुसावळच्या रेल्वे चाळीत रोज संध्याकाळी दारातून आत यायचा, तोच चेहरा. बळवंत त्याच्याकडे बघत राहिले. तोंड धुवायची त्यांना या वेळी घाई नव्हती.

स्लॅबवर प्लास्टिक आलं, विटा आल्या. गौतमीने या वेळी काही बजावलं नाही. बजावायची हिंमत तिची होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बळवंत घरून एक मोठा माठ घेऊन आले. विहाराच्या फाटकाबाहेर, स्लॅबपासून चार हातांवर, कडुनिंबाच्या सावलीत त्यांनी वाळू टाकून त्यावर तो मांडला, ओल्या फडक्याने गुंडाळला, वर झाकण आणि लांब दांड्याचा ओगराळा ठेवला. शेजारी लोखंडी खुर्ची टाकून ते बसले. जयपुरात उन्हाळ्यात अशा पाणपोया गल्लोगल्ली लागतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. भाजीवाला थांबला, प्यायला. शिकवणीहून परतणाऱ्या मुली थांबल्या. ई-रिक्षावाला बाटली भरून घेऊन गेला. कुणी मागेल त्याला बळवंत पाणी देत होते आणि दिवसभर शेजारच्या स्लॅबची राखण करत होते. सात दिवसांत त्या स्लॅबवर एक थेंब उडू दिला नाही त्यांनी. कुणी ओंजळ झटकली तरी वसकन अंगावर जायचे.

सातव्या दिवशी दुपारी गौतमी कॉलेजातून थेट तिथे आली. ठोकळे पुन्हा पास झाले होते, पण तिने ते लगेच सांगितलं नाही. प्लास्टिकचं टोक उचलून तिने बघितलं. स्लॅब कोरडा, काळसर, एकसारखा होता. खिळा ओढला तर नुसती चमकदार रेघ उठली.

“उद्या टेकू काढू,” ती म्हणाली. “खाली दोघंही बसू.”

“जागा कमी हाय.”

“दाटीवाटीने बसू.”

मग ती कडुनिंबाखाली येऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसली. उन्हाने तिचा चेहरा लाल झाला होता. पर्समध्ये पाण्याची बाटली होती, तरी तिने दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरली. बळवंतांनी माठात ओगराळा बुडवला. तिने ओंजळ जरा वर उचलली. ती प्यायली. पाणी हनुवटीवरून, मनगटावरून खाली गळत होतं, आणि ती पीत असतानाच रडायला लागली होती.

“बस?” बळवंतांनी विचारलं.

तिने मान हलवली, नाही, आणि ओंजळ पुन्हा पुढे केली. बळवंतांनी दुसऱ्यांदा ओगराळा भरला, मग तिसऱ्यांदा.